वजनातला फरक नगण्य

पारास्का एव्हानचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो म्हणायची सोय नव्हती. पत्र मी कॉफीच्या डब्यामागे ठेवलं होतं, आणि कॉफी मी रोज पितो.

आठ-दहा ओळींचं पत्र. ‘सर, मी डर्क हॅलोरनचं विमान घ्यायचं म्हणतेय. त्याने मला विमानाची वही बघायला पाठवली होती, ती मी परत केली. सह्या त्याच्या आहेत, बाकी सगळं अक्षर तुमचं. सहावीत माझ्या गणिताच्या वहीवर तेच लाल शाईत असायचं, म्हणून लगेच ओळखलं. रिकाम्या विमानाचं वजन एक हजार बासष्ट पौंड लिहिलंय. ते खरं आहे का? मला नदीकाठच्या गोट्यांवर उतरून माणसं आणि सामान उचलायचंय. तुम्हालाच विचारते, कारण पायऱ्या दाखवल्याशिवाय तुम्ही कुणाला गुण दिले नाहीत.’

डर्क आमच्या गावचा एकुलता एक मेकॅनिक. नदीच्या वर-खाली दीडशे मैलांत दुसरा नाही. विमानात कुठलाही बदल केला की तो वहीत नोंदवावा लागतो, आणि त्याने वजन किती वाढलं तेही. डर्कचे हात कायम ग्रीसने काळे आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं. म्हणून सोळा वर्षं तो सांगत आला आणि मी लिहीत आलो. वाढ अगदी थोडी असेल तर आकडा न देता ‘वजनातला फरक नगण्य’ एवढंच लिहायची रीत आहे. सगळीकडे आहे, ती डर्कने काढलेली नाही. शेपटीचं चाक मोठं बसवलं: नगण्य. सीटमागचा सामानाचा खण लांबवला: नगण्य. पोटाखाली गोट्यांचा मार बसू नये म्हणून पत्रा ठोकला: नगण्य. पुढची चाकं एकतीस इंची घातली, तेव्हा मी पेन थांबवलं होतं. तो म्हणाला, “लिही रे मास्तर, आत हवाच तर आहे.” मी हसलो आणि लिहिलं.

पत्र आल्यावर मी पहिल्यांदा बेरीज केली. सुट्या भागांचे जुने कॅटलॉग माझ्याकडे पडून होते; छापलेलं काहीही मला टाकवत नाही. त्या विमानाच्या वहीत एकोणीस वेळा नगण्य होतं. काढलेल्या जुन्या भागांचं वजन वजा करून एकोणिसांची बेरीज एकशे अडुसष्ट पौंड आली. त्यातलं निम्म्याहून जास्त सीटच्या मागे, म्हणजे शेपटीकडे. हळू उडत नाक वर धरून उतरायचं विमान मागे जड असलं की नाक आणखी वर जाऊन ते खाली कोसळतं, हे नदीवर सगळ्यांना माहीत आहे. वहीच्या हिशेबाने पारास्का आणखी एक माणूस घेईल, आणि विमान तो माणूस आधीच घेऊन बसलेलं असेल.

मी तीनदा तपासलं. मग वाटलं, आपण मास्तर, मेकॅनिक नाही. कॅटलॉग दुसऱ्या मापाचा असेल. मग वाटलं, तिला दुसरं कुणीतरी सांगेलच. गावात फोन एकच, दुकानात, आणि दुकानात स्टोव्हशेजारी डर्क बसलेला. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या बायकोचं, रूथचं, आतडं फुटलं. टपालाच्या विमानाने त्या हवेत यायला नकार दिला. डर्कने तिला ह्याच विमानात झोपण्याच्या पिशवीत गुंडाळून बेथेल शहरातल्या दवाखान्यात पोचवलं. ती पुढे चार वर्षं जगली. डर्कने ह्याबद्दल मला कधी काही मागितलं नाही. गरजच पडली नाही.

मे महिन्यात नदीचा बर्फ फुटून वाहून गेला आणि मंगळवारच्या टपालाच्या विमानाने बेथेलहून पारास्का स्वतःच आली. पोरगी तिशीची झाली होती. विमानं उडवायला लागूनच आठ वर्षं झालेली. माझ्याशी हात मिळवताना तिने पत्राचा विषय काढला नाही. ते काढण्यापेक्षा वाईट होतं.

डर्कने शेडमधून विमान बाहेर काढलं आणि तिला उडवून दाखवलं. समोरून चांगला वारा होता. दोनशे फुटांत उचललं, एक वळसा घेतला आणि तेवढ्याच जागेत आणून टेकवलं. खाली उतरून तो हात पुसत म्हणाला, “बघितलंस? रुमालावर उतरवता येईल.”

“रिकामं,” पारास्का म्हणाली. “इंधन किती होतं?”

“पुरेसं होतं.”

“वाटलंच.” ती चाकाला बुटाने टोचून बघत होती. “एवढी मोठी कशाला घातलीत? मला गोट्यांवर उतरायचंय, चंद्रावर नाही.”

“तुझ्या आजोबांच्या कुत्र्यांनासुद्धा माझं विमान आवडायचं, पोरी. तुलाच नाकं मुरडायची असली तर मुरड.”

“आजोबांची कुत्री बर्फावरच्या गाडीला जुंपायच्या आधी गाडी उचलून बघायचे आजोबा. तुमच्याकडे वजनकाटे आहेत ना? तीन लागतात. चाकांखाली घालू, पाच मिनिटांचं काम.”

“काटे बिघडलेत.”

“कधीपासून?”

“तू विचारलंस तेव्हापासून,” डर्क म्हणाला. “वही आहे ना? सरकार वही मानतं. तू सरकारपेक्षा मोठी झालीस का?”

ती वळली. मी शेडच्या दाराशी उभा होतो, वही माझ्याच हातात होती.

“सर, तुम्ही सांगा. एक हजार बासष्ट?”

डर्क माझ्याकडे बघत नव्हता. तो रुमालाची घडी घालून खिशात ठेवत होता, अगदी सावकाश.

“अक्षर माझं आहे,” मी म्हणालो.

“ते मी विचारलं नाही.”

“वहीत तसं लिहिलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. सहावीतल्या पोराने शेजारच्याचं उत्तर उतरवलं की मी ज्या नजरेने बघायचो, त्या नजरेने. मग ती डर्कला म्हणाली, “घेते मी. दुसरं परवडत नाही आणि मोसम थांबत नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येऊन उडवत नेईन. शनिवारी नदीच्या वरच्या अंगाच्या गोट्यांच्या काठावरून पहिला माणूस उचलायचाय.” आणि जाताना, माझ्याकडे न बघता, “येते, सर.”

टपालाचं विमान गेल्यावर मी शेडमध्ये परत गेलो. डर्क कडक बिस्किटावर सुक्या माशाचा तुकडा ठेवून खात होता.

“डर्क, एकदा वजन करू या. तुझे काटे चालतात, मार्चमध्ये तू त्या वैमानिक डोनीच्या विमानाचं वजन केलंस त्यांच्यावर.”

“मग?”

“एकशे अडुसष्ट पौंड जास्त भरतं. मी बेरीज केलीय.”

“तू!” तो मोठ्याने हसला. “आयुष्यात कधी एक स्क्रू पिळलास का रे? मी हेच विमान सोळा वर्षं उडवतोय. पडलो का?”

“तुला ते मागे जड आहे हे माहीत आहे. तिला नाही.”

“शिकेल.”

“काय करून शिकेल?”

त्याने बिस्कीट खाली ठेवलं. “रूथला घालून नेलं त्या दिवशी वजन केलं होतं का रे मास्तर? तेव्हा नाही विचारलंस किती पौंड. तेव्हा म्हणालास, उडव. आता तुझ्या बेरजा घेऊन माझ्या शेडमध्ये येतोस? एकोणीस वेळा लिहिलंस. तुझ्या हाताने. कुणी चौकशीला आलं तर वही कुणाच्या अक्षरात आहे ते बघतील आधी. आता जा. आणि ह्या हिवाळ्यात तुझी लाकडं दुसऱ्या कुणाकडून फोडून घे.”

मी गेलो. वाटेत मला सुचलेली उत्तरं बरीच होती, नेहमीप्रमाणे.

बुधवार आणि गुरुवार मी लिहीत होतो. पहिली दोन पत्रं माफीनेच भरली, ती फाडली. तिला माफी उचलून न्यायची नव्हती. तिसऱ्यात मी एकोणीस ओळी आखल्या: काय बसवलं, काय काढलं, कॅटलॉगप्रमाणे वजन किती, सीटच्या पुढे की मागे. पायऱ्या सगळ्या दाखवल्या. जिथे मला खात्री नव्हती तिथे तसं लिहिलं. अशा चार जागा होत्या, आणि त्या चारही डर्कच्या बाजूने धरल्या तरी दीडशेच्या खाली जात नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘ह्या सगळ्या ठिकाणी नगण्य हा शब्द मी लिहिला. डर्कने सांगितला, पण लिहिला मी. त्याचे काटे चालू आहेत. वजन करून घेतल्याशिवाय विमान घेऊ नकोस.’ आणि खाली पूर्ण सही केली.

शुक्रवारी, टपालाचं विमान पुन्हा यायच्या दिवशी, पोस्टात गेलो. पोस्ट म्हणजे ॲग्नेसच्या घराची पुढची खोली. आणि गावातून धावपट्टीपर्यंत टपालाची थैली न्यायचं कंत्राट डर्ककडे आहे. मी आत शिरलो तेव्हा तो थैलीपाशीच टेकून उभा होता. हे मला माहीत होतं. दुपारी तो जाईपर्यंत घरी थांबून मंगळवारच्या टपालात टाकता आलं असतं. मंगळवारचं पत्र तिला शुक्रवारच्या आत मिळालं नसतं.

ॲग्नेसने पाकीट काट्यावर ठेवलं. “जाड आहे. अजून एक तिकीट लागेल, सर.”

मी तिकीट घेतलं. जीभ कोरडी होती, ते चिकटेना.

“कुणाला एवढं?” डर्क म्हणाला.

मला वाटलं होतं की मी गप्प राहीन. आयुष्यभराचा अनुभव तसाच होता.

“पारास्का एव्हानला,” मी म्हणालो. “विमानाबद्दल.”

ॲग्नेसने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. डर्क हलला नाही. त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

“ह्यानंतर तुला रक्ताची उलटी झाली ना मास्तर,” तो म्हणाला, “तर टपालाच्या विमानाची वाट बघायची.”

“बघेन.”

ॲग्नेसने पाकीट थैलीत टाकलं, तोंड बांधलं आणि कुलूप लावून थैली त्याच्याकडे सरकवली. सरकारी टपाल होतं, त्याला हात लावणं गुन्हा. ती दारात उभी राहून बघत होती, आणि मीही. त्याने थैली उचलली, गरजेपेक्षा जोरात गाडीच्या मागे आपटली, आणि धावपट्टीकडे गेला. थोड्या वेळाने विमानाचं इंजिन ऐकू आलं, मग ते झाडांवरून बेथेलच्या दिशेने वळलं.