माझा क्लच बदलला तो दिवस

मित्रांनो, रायपूरच्या चौबे कॉलनीत देवपुजारी कुटुंबाच्या अंगणात जी दोन दारांची बुटकी लाल गाडी उभी असते, ती मीच. जुन्या काळची स्पोर्ट्स कार. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता, की माणसं माझ्यात बघून भांग पाडायची. रेल्वेत नोकरीला असलेल्या अच्युतरावांनी मला हौसेनं घरी आणलं. सुशीलाबाई नवरी होऊन माझ्यातूनच या घरी आल्या. त्यांची मुलगी शर्मिष्ठा माझ्या मागच्या अरुंद सीटवर झोपून कितीदा तरी नागपूरला गेली. मोकळा रस्ता दिसला की अच्युतराव मला पळवत, आणि मलाही तेच हवं असे.

पुढे त्यांचा डावा गुडघा दुखू लागला. त्यातच माझा क्लच झिजून जड झाला. दाबताना ते दात आवळत. चढावर माझं इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं रेंगाळायची. शेवटी माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी माझी गादी कुरतडली. माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

शर्मिष्ठा आता सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. यंदा मे महिन्यात ती सुट्टी काढून नवी क्लच प्लेट घेऊन आली. "बाबा, आपणच बदलू," म्हणाली. अच्युतरावांचा चेहरा असा उजळला, की माझ्या थंड इंजिनालाही ऊब आली.

त्यांनी जॅकनं मला पुढून उचललं, लोखंडी घोड्यांवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या पायांच्या आधारांवर टेकवलं आणि पुढची चाकं काढून ठेवली.

"बाबा, घोडीखाली फळी देऊ का?"

"काय गरज नाही. मुरूम आहे तो, दगडावानी टणक."

अच्युतराव पोत्यावर पाठ टेकून माझ्याखाली सरकले. गिअरबॉक्स काढल्याशिवाय क्लच हाती लागत नाही, म्हणून ते त्याचे बोल्ट सोडू लागले. ऊन भाजत होतं. बापलेकीची दया येऊन सुशीलाबाईंनी खिडकीतला कूलर लावला, त्यात पाण्याचा पाईप सोडला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

कूलरची टाकी भरून वाहू लागली. पाणी भिंतीवरून ओघळत अंगणात उतरलं आणि माझ्या डाव्या घोडीपाशी मुरू लागलं.

मला ते कळत होतं. टणक मुरूम मऊ होत होता, घोडीचा एक पाय हळूहळू आत जात होता. माझं सारं वजन त्या बाजूला कलत होतं, आणि खाली अच्युतराव जुन्या गाण्याची चाल गुणगुणत होते. मित्रांनो, माझा हॉर्न शाबूत होता. पण तो दाबायला हात लागतो.

शेवटचा बोल्ट गंजला होता. त्यांनी पान्याला लोखंडी पाईप अडकवून जोर लावला. मी हलले. शर्मिष्ठा वाकली आणि तिची नजर घोडीभोवतीच्या चिखलावर गेली.

"बाबा, बाहेर या!"

"काहून? एकच बोल्ट राह्यला न."

"बाहेर या म्हणते न मी!"

त्यांनी पुन्हा पाना ओढला. तिनं त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि पोत्यासकट ओढलं. त्यांचं डोकं माझ्या बंपरखालून बाहेर आलं आणि घोडी उलथली. मी धाडकन खाली आले. त्यांची छाती जिथं होती, तिथं माझी लोखंडी पट्टी मुरमात रुतली होती.

सुशीलाबाई धावत आल्या. कूलरकडे, चिखलाकडे आणि नवऱ्याकडे बघून त्या मटकन पायरीवर बसल्या. "माझ्यानं झालं हो हे," एवढंच त्या म्हणाल्या.

"फळी मीच नाही लावली, सुशीला," अच्युतराव म्हणाले. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या भंगारवाल्याले बोलाव. नाही पाहिजे मले ही."

शर्मिष्ठानं त्यांना पाणी दिलं. "गाडीची चूक नाही बाबा. नीट लावू न आपण."

दुसऱ्या दिवशी चाकं पुन्हा लावून त्यांनी मला कोरड्या, सिमेंटच्या जागेवर ढकलत नेलं आणि तिथं उचललं. घोड्यांखाली जाड फळ्या दिल्या, काढलेली चाकं माझ्या पोटाखाली आडवी सरकवली. अच्युतरावांनी मला चारी बाजूंनी ढकलून पाहिलं. या वेळी खाली शर्मिष्ठा गेली. जोवर ती माझ्याखाली होती, तोवर ते बसले नाहीत. एक हात माझ्या बॉनेटवर ठेवून दर थोड्या वेळानं विचारत, "पोट्टी, ठीक आहेस न?"

"हव बाबा."

नवा क्लच बसला. अच्युतराव आत बसले, भीत भीत डावा पाय दाबला. पेडल अलगद खाली गेलं. मी पुढे सरकले, तेव्हा सुशीलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, पुसा, पळवा, मला ते फार आवडतं. पण माझ्याखाली येण्याआधी जमीन तपासा, आधार तपासा, आणि कुणी बाहेर बोलावलं तर हातातलं काम टाकून या. माझा तुमच्यावर कितीही जीव असला, तरी मी लोखंड आहे. पडताना मला थांबता येत नाही.