आत न जाणारी सिस्टर

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिला ड्यूटीवरून न्यायला वॉर्डात गेले होते. तिच्या चष्म्याची काडी मोडली होती. घरी जाता जाता तो दुकानात टाकायचा होता. एवढंच काम.

ती बेसिनपाशी हात धूत होती. हात धुताना आई प्रार्थना म्हणायची. शेवटची ओळ होईपर्यंत तिचे हात साबणातून निघत नसत. वॉर्डातल्या मावशी चिडवायच्या, "सिस्टरांचा देव साबणात राहतो."

"म्हणून तर स्वच्छ आहे," आई म्हणायची.

गर्भपाताच्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहणार नाही, हे तिनं नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तिच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. कुणाचं अडू नये म्हणून तिच्या जागी कोण जाणार ते आधीच ठरलेलं असे. पण बाई बाहेर आली की पुढची सगळी देखभाल आई मागून घेई. मी देव न मानणारी. तरी या वाटणीत मला कधी खोट सापडली नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती, नुकतीच बाहेर आणलेली. आईनं चादर सारायला हात पुढे केला, तशी तिनं ती घट्ट धरली.

"तुम्ही नको. तुम्ही आत यायला नाही म्हणालात, कळलंय मला."

"अगं, तसं काही नाही," मावशी मध्ये पडल्या. "सिस्टरांना दुसरीकडे ड्यूटी होती."

"मावशी, खोटं कशाला?" आई मुलीकडे वळली. "हो, मी आत येत नाही. ते माझं नि देवाचं."

"म्हणजे मी पापी."

"ते ठरवायला मला कुणी नेमलेलं नाही. मला नेमलंय ते रक्त किती जातंय हे बघायला. मी नको असेन तर दुसरीला हाक मारते, आत्ताच्या आत्ता. पण कुणाला तरी बघू दे, पोरी. ओठ पांढरे पडलेत तुझे."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या मुठी सैल झाल्या.

रक्त गादीपर्यंत उतरलं होतं. मावशी डॉक्टरांना बोलवायला धावल्या. आईचा एक हात मुलीच्या पोटावर दाबलेला होता, दुसरा तिच्या हातात. रक्त थांबलं तेव्हा ड्यूटी कधीच संपली होती.

"चाललात?" मुलीनं विचारलं.

"तू झोपलीस की."

चष्म्याचं दुकान बंद झालं होतं. चष्मा माझ्या पर्समध्येच राहिला. घरी आल्यावर आई खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "एखादीचा जीव जायची वेळ आली असती, आणि आत जायला दुसरं कुणीच नसतं, तर काय केलं असतं गं मी?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण तिच्या देवाच्या गोष्टीत मी बोलायचं नाही, असं आमच्यात न बोलताच ठरलेलं.

"चहा टाकू?" मी म्हणाले.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

तिच्या वस्तू आणायला पुन्हा वॉर्डात गेले. मावशींनी चपला पिशवीत घालून दिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी बेसिनपाशी गेले, नळ सोडला. लहानपणी आईनं हात धुवायला शिकवलं ते तिच्या प्रार्थनेच्या ओळींवर. अजून सगळ्या पाठ होत्या. साबण लावत मी त्या शेवटपर्यंत म्हटल्या. मग नळ बंद केला आणि मोठ्यानं म्हणाले,

"गेली असतीस, आई. आधी हात धुतले असतेस, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग आत गेली असतीस."