धाकटीच्या वाटचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. नदीकाठच्या नौका क्लबात, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी माझी जागा होती. मित्रांनो, आता माझ्यावर धूळ साचली आहे, पण त्या सकाळची आठवण आली की माझी सुई अजून थरथरते.

कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी धान्याची पोती येणार. आली ती माणसं! हलक्या वजनाच्या गटात नाव वल्हवणारी. माझ्यावर चढताना कुणी कानातले काढी, कुणी श्वास रोखून धरी. श्वासाला कसलं आलंय वजन! "हा काटा कुणाची भीड ठेवत नाही," असं काका म्हणत आणि मी हुरळून जाई.

काका म्हणजे तिथले प्रशिक्षक. त्यांच्या दोन पुतण्या एकाच नावेत बसत. जोडीच्या शर्यतीत दोघींच्या वजनाची सरासरी मर्यादेत बसावी लागते. धाकटी ऐन वाढीच्या वयातली. ती उंच होत गेली तशी माझी सुईही पुढे सरकत गेली. काकांच्या कपाळावर आठ्या पडत.

"राहू द्या काका," थोरली म्हणे. "सरासरीच बघायची ना? मी बघते काय ते."

ती काय बघत होती, ते मला दिसत होतं. घाम गळावा म्हणून भर उन्हात रेनकोट घालून ती पळून येई. तहान लागली की पाण्याची नुसती चूळ भरी आणि थुंकून टाकी. माझ्यावर चढली की तिचे पाय लटपटत. काका मात्र सुईकडे बघून म्हणत, "शाब्बास!"

शर्यतीच्या सकाळी आधी धाकटी चढली. सुई मर्यादा ओलांडून गेली. मग थोरली चढली आणि उतरली. पंचांनी हिशेब करून मान डोलावली.

"बसली! सरासरी बसली!" काका माझ्या तबकडीवर थाप मारून ओरडले.

त्यांच्या पाठीमागे थोरली फरशीवर कोसळली होती. धाकटी किंचाळली, तेव्हा कुठे ते वळले. मी सुन्न झालो. एवढ्या वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं. ती पोर उठतच नव्हती.

ती वाचली, पण मूत्रपिंडं कायमची दुखावली. वल्हं सुटलं ते सुटलंच. पुढे दोघी कपाटातलं सामान न्यायला आल्या. धाकटी माझ्यापाशी थबकली.

"ताई, तू माझ्या वाटचं वजन उतरवत होतीस? सांगायचंस तरी! मी खाल्लं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," थोरली म्हणाली. "तू वाढत होतीस गं."

त्यानंतर मला अडगळीत टाकलं. काकांना माझ्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, माझा आकडा बरोबर होता. तोच मला खातो. मला सगळं दिसत होतं, पण वाचा नव्हती. तुम्हाला आहे. घरात कुणी असं दिवसेंदिवस हलकं होऊ लागलं, तर आकड्याचं कौतुक करू नका. आधी तिला विचारा, "जेवलीस का?"