घरच्या हातची गोळी

आमच्याकडे बायका दुपारी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. मुक्कामाला कुणी नसतं. खाटा नाहीत, खिडक्यांना गज नाहीत. बैठकीची एक खोली, डॉक्टरांची एक, माझं रक्तदाब तपासायचं टेबल आणि मागे एक बेसिन, एवढाच पसारा. दारू, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, कशाच्या ना कशाच्या नादी लागून ज्यांचं सगळं हातातून निसटायला आलंय अशा बायका इथे येतात, बोलतात, रडतात, औषधं घेतात आणि ज्या घरामुळे निम्म्या बिघडल्या त्याच घरी परत जातात. नवी नर्स आली की मी तिला पहिल्याच दिवशी सांगते, बाई, आपल्या हातात फक्त दुपार. सकाळ आणि रात्र घरच्यांची. आणि खरं सांगायचं तर मला पेशंटची कधी भीती वाटत नाही, घरच्यांची वाटते.

झिपरी आली ती आईबरोबर. झिपरी हे आईनेच लहानपणी ठेवलेलं नाव. पोरगी विंचरू द्यायची नाही म्हणून झिपरी, आणि मोठी होऊन तीच पार्लरमध्ये बायका-पुरुष सगळ्यांचे केस कापायला लागली. हा विनोद ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पहिल्याच बैठकीत शेजारी बसलेल्या बाईच्या केसांचे फाटे बघून तिला राहवलं नाही, आणि पुढच्या खेपेला येताना कात्री घेऊन आली. इथे कात्री चालत नाही म्हणून मी ती काढून घेतली आणि चांगली झापली. ती हसली. मला ती आवडायला लागली होती, हे कबूल करायला काय हरकत आहे.

आईला सगळे बाई म्हणायचे, कारण त्या शाळेत शिकवत होत्या आणि निवृत्त झाल्या तरी वर्ग सुटलाय हे त्यांना पटलेलं नव्हतं. कडक इस्त्री, सरळ पाठ. मुलगी नवऱ्याचं घर सोडून परत आली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पार्लरमधून पिऊन यायला लागली तेव्हाही शेजाऱ्यांना सुगावा लागू दिला नाही. एका दुपारी ती आंघोळीच्या खोलीत बेशुद्ध सापडली आणि त्यांनी दार फोडायला माणूस बोलावला, तेव्हा मात्र सगळं चव्हाट्यावर आलं. दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन आमच्याकडे.

दारू सोडणाऱ्यांसाठी एक गोळी असते. नुसती घेतली तर फारसं काही जाणवत नाही. ती अंगात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लालबुंद होतं, छाती फुटेल अशी धडधडते, ओकाऱ्या होतात, आणि जास्त झालं तर माणूस हातचा जातो. म्हणून ती कुणाला न सांगता द्यायची नसते. पेशंटने सगळं समजून, सही करून, उघड्या डोळ्यांनी घ्यायची. पण आमचे पेशंटही कमी नाहीत. गोळी गालात धरतात आणि घरचे वळले की थुंकतात. त्यावर आम्ही उपाय काढलाय. गोळी घरच्यांकडेच ठेवायची, त्यांच्यासमोर दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करायची आणि पाण्यात ढवळून प्यायची. दर गुरुवारी घरच्यांची बैठक असते, तिथे मी हे करून दाखवते. बायका टक लावून बघतात. बाई पहिल्या रांगेत बसायच्या.

झिपरीने गोळीला साफ नकार दिला. धाकाने सुटलेली दारू धाक गेला की परत येणार, आणि मला सोडायची तर माझी मी सोडेन, असं तिने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. डॉक्टरांनी तिचं ऐकलं. ऐकायलाच हवं होतं, नियमच तसा आहे. बाई गप्प बसल्या. जन्मभर वर्गावर उभी राहिलेली बाई गप्प बसते ती पटलं म्हणून नव्हे.

आणि झिपरीने खरंच सोडली. पहिले काही दिवस हातपाय गळाले, झोप उडाली, मग हळूहळू रंग परत आला. दर खेपेला श्वासात दारू आहे का बघायला मी तिला नळीत फुंकर मारायला लावायची, यंत्र कोरडं शून्य दाखवायचं, आणि ती बैठकीत जाऊन कंठ फुटल्यासारखी बडबडायची. माझी मी सोडली, हे वाक्य तिच्या तोंडी सारखं असायचं. ज्या दोघी-तिघी गोळी घेत होत्या त्यांना ती चिडवायचीसुद्धा. बाई रोज सकाळी तिला थर्मासमध्ये कॉफी भरून द्यायच्या, ती थर्मास घेऊन पार्लरला जायची आणि तिथून आमच्याकडे. आईलेकीत एवढं बरं चाललंय याचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं.

मग झटके सुरू झाले.

पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या मागे उभी असताना अचानक कानशिलं तापायची, चेहरा भाजल्यासारखा लाल व्हायचा, छातीत घोडे दौडायचे आणि आता मरतेय असं वाटायचं. कात्री हातातून पडायची. डॉक्टरांनी काही हयगय केली नाही. छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं. सगळं ठीक. नुकतीच दारू सुटलेल्या बाईला भीतीचे झटके येणं यात नवल काही नसतं, म्हणून त्यावरची गोळी सुरू केली. झटके वाढले. एका दिवशी तर पार्लरच्या मालकिणीने तिला खुर्चीवर बसवून घरी पाठवलं आणि बरी झालीस की ये म्हणाली. बैठकीत झिपरी आता बोलायची नाही. कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि स्वतःची नाडी बोटाने दाबून बसायची.

त्या गुरुवारी बाईंनी मला बाजूला घेतलं. चेहरा लाल होतो म्हणजे ती चोरून पितेच ना, असं विचारलं. मी म्हटलं, छे, फुंकर रोज कोरडी आहे, पोरीवर संशय घेऊ नका. त्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याने मला का कोण जाणे बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात झिपरी बैठकीच्या बरीच आधी आली. केस नीट बांधलेले, ओठांना रंग, जणू लग्नाला निघालीय. माझ्या टेबलासमोर बसली आणि फार सभ्यपणे म्हणाली, "सिस्टर, मी आजपासून यायची नाही. तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला आले."

पेशंट तमाशा करून जातात तेव्हा मी निर्धास्त असते, ते आठवड्याभरात परत येतात. आभार मानणाऱ्यांची मला धास्ती असते. मी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. दाब खाली, नाडी पळत होती.

"प्यायचे तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं," ती म्हणाली. "सोडल्यापासून मी वेडी व्हायला लागलेय. म्हणजे मला दारूच लागते, दुसरं काय? आज संध्याकाळी पिऊन बघणार आहे. औषध म्हणून. मग आईला सांगेन की बघ, मी बरी आहे."

बाटली पिशवीतच होती. तिने लपवली नाही, उलट पिशवी उघडून दाखवली. मी म्हटलं, बरं, जायचं तर जा, पण मला जरा नीट सांग. झटका सुट्टीच्या दिवशी येतो का? ती म्हणाली, नाही, घरी कधीच नाही येत. मग पार्लरमध्ये कधी येतो? तिने आठवून आठवून सांगितलं. केसांवर स्प्रे मारला की. पुरुषांची दाढी झाली आणि गालाला लोशन लावलं की. हात धुवायच्या त्या जेलने सारखे हात पुसले की. या सगळ्यात दारूचाच अंश असतो, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. मी विचारलं, तोंडाला चव कशी आहे?

"कसली चव. रात्रंदिवस लोखंड चघळल्यासारखं वाटतं. कॉफीसुद्धा तशीच लागते."

ही तक्रार मी त्याच खोलीत कितीतरी जणींकडून ऐकलेली आहे, आणि त्या सगळ्या जणी ती गोळी घेणाऱ्या होत्या.

मी तिला तिथेच बसवलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टर पुढ्यातला कागद तसाच टाकून उठल्या. "बाईंना फोन करा, आत्ता या म्हणावं. आणि आधी ती बाटली काढून घ्या," त्या म्हणाल्या. बाटली झिपरीने मुकाट्याने दिली. मी ती बेसिनमध्ये ओतली. खोलीभर वास पसरला आणि तेवढ्यानेही झिपरीच्या गालांवर लाल चट्टे उठायला लागले, तशी मी तिला ओढून बाहेरच्या वाऱ्यात नेलं. ती मला विचारत होती, काय झालं, सिस्टर, काय झालं. मी म्हटलं, आई येऊ दे.

बाई आल्या. नेहमीसारख्या ताठ. डॉक्टरांनी झिपरीसमोरच आडपडदा न ठेवता विचारलं आणि बाईंनीही आढेवेढे घेतले नाहीत. गुरुवारच्या बैठकीत एका सासूशी त्यांची ओळख झाली होती. तिची सून उपचार अर्धवट टाकून गेली होती आणि पाकिटं घरात पडून होती. उरलेल्या गोळ्या परत आणून द्या असं आम्ही घसा फोडून सांगतो आणि कुणी आणत नाही. बाईंनी त्या घेतल्या. रोज सकाळी दोन चमच्यांमध्ये दाबून, मी दाखवते अगदी तशी, कॉफीत ढवळली. मग मुलीचा चेहरा लाल व्हायला लागला. गोळी अंगात असताना प्यायल्यावर चेहरा लाल होतो, हेही मीच त्यांना शिकवलेलं. म्हणजे ही पितेय. म्हणून त्यांनी एकाच्या जागी दोन गोळ्या घालायला सुरुवात केली.

"दार फोडलं तेव्हा ती निळी पडली होती," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "तुम्ही नव्हता तिथे. मी होते. मला परत ते दार फोडायचं नव्हतं."

त्यांचा आवाज कापला नाही, पण पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला त्यांचा मनस्वी राग आला होता. आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, त्याचाही राग आला होता.

डॉक्टरांनी झिपरीला समजावलं. तू वेडी झालेली नाहीस. झटके भीतीचे नव्हतेच, ते थांबतील. दारू तू स्वतःच सोडलीस, कारण गोळी पोटात आहे हे तुला माहीतच नव्हतं, मग तिचा धाक तुला असणार कुठून? हे खरं होतं, सोळा आणे खरं. झिपरीने ते ऐकलंही. पण मी तिचा चेहरा बघत होते. इतके दिवस जी एकच गोष्ट तिची स्वतःची होती, तिच्यातही आईचा चमचा फिरलेला होता. हे ज्याला कळतं त्याला खरंखोटं सांगून उपयोग नसतो.

तिने आईकडे एकदाही बघितलं नाही. माझ्याकडे वळली आणि गिऱ्हाइकाला केस कितीसे ठेवू विचारावं, तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "आजपासून बंद केली, तर अंगातून जायला किती दिवस लागतात?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान जराशी, जेमतेम दिसेल इतकी हलवली. त्या काय मागताहेत ते मला लख्ख कळलं. मी तीन महिने म्हटलं असतं तर झिपरीला ते खरं वाटलं असतं. तीन महिन्यांत माणूस बराच सावरतो. पण कधीतरी ती दुसऱ्या कुणाला विचारणारच, आणि मग या जगात तिला खरं सांगणारं कुणीच उरणार नाही.

"दोन आठवडे," मी म्हटलं. "तोवर एक घोटही नाही. गेला तर मरशील."

"कळलं," झिपरी म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, उद्या ये, परवा ये, रोज ये, वेळ नसेल तरी मी काढेन. हवं तर दुसरीकडे राहायची सोय बघू. झिपरी म्हणाली, नको, घरीच जाते. आणि उद्या येईन. तिने परत आभार मानले.

ती दाराकडे गेली तशा बाई माझ्यापाशी थांबल्या. "एवढं एक खोटं तुम्हाला बोलता आलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

मग त्या लेकीच्या मागे गेल्या. दारापाशी त्यांचा आवाज ऐकू आला, रोजच्या सवयीचा, जणू काही झालंच नाही असा. रात्री जेवायला काय करू, विचारत होत्या.

"माझं मी करून घेईन," झिपरी म्हणाली, आणि आईला बाहेर पडता यावं म्हणून दार धरून उभी राहिली.