रंगाऱ्याचे हात

वेळेआधी जन्मलेली लेक काचेच्या पेटीत होती. आज रंगारी तिला पहिल्यांदा हात लावणार होता. पण आधी हात स्वच्छ आहेत, हे दिव्याखाली पटवून द्यायचं होतं.

नर्सने हातांना चोळायला मलम दिलं. त्यात सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन होतं, आणि ते जांभळ्या दिव्याखाली चमकतं. चमक उरली नाही की हात नीट धुतले असं समजायचं.

रंगाऱ्याने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. दिव्याखाली धरले, तर लख्ख चमकले.

"पुन्हा धुवा," नर्स म्हणाली.

त्याने नखं ब्रशने घासली, कातडी लालबुंद झाली. चमक जागच्या जागी. काचेपलीकडे लेकीने एवढीशी जांभई दिली.

"असे हात घेऊन आत नाही सोडता येणार, दादा."

बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "लेकीचे हात पिवळे करायला अजून अवकाश आहे, जावईबापू. तुम्ही आधीच स्वतःचे करून बसलात!"

त्याला हसू फुटलं नाही. "आई, दारुहळदीची मुळं उकळून सूत रंगवतो मी. तो रंग कातडीत मुरलाय. आज कुठला निघतोय!" तो दाराकडे वळला.

"थांबा. दारुहळद म्हणालात?" नर्सने त्याचं मनगट धरून पुन्हा दिव्याखाली नेलं. "हे तर पिवळं चमकतंय. माझं मलम निळं चमकतं."

तिने तळहाताला नव्याने मलम लावलं. निळं. धुवायला लावलं. निळं गेलं, पिवळं राहिलं.

"मघापासून मी नुसती चमक बघतेय," ती ओशाळून म्हणाली, "रंग बघितलाच नाही. चला आत."

पेटीच्या गोल खिडकीतून त्याने हात आत घातला. लेकीने मूठ उघडली आणि त्याचं बोट गच्च धरलं. त्या मुळांनी इतकी वर्षं घर चालवलं होतं. आज त्यांच्याच पायी ही मूठ दुरावणार होती. या बाईने दुसऱ्यांदा पाहिलं म्हणून वाचलो, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरले.

"सिस्टर, तुमचे उपकार..."

"हळू बोला. झोपतेय ती."

त्याने मान डोलावली. बोट मात्र काढलं नाही.