कडूबाची छाती

धाड गावच्या कडूबानं १९७१ साली नागपूरला जाऊन छातीचं ऑपरेशन करून घेतलं. वयात आल्यापासून त्याची छाती बायांसारखी वाढली होती. सव्वीस वर्षांचा झाला तरी चारचौघांत त्यानं कधी सदरा काढला नव्हता. डॉक्टरांनी आतली वाढ काढली आणि बजावलं, "सूज येईल. सहा आठवडे छाती घट्ट बांधून ठेवायची."

घरी थोरल्या बहिणीनं, झुंबरबाईनं, मांजरपाटाचा पट्टा शिवून त्याला बंद लावले. आठव्या दिवशी तिनं तो बदलायला सोडला, तर छाती फुगून आलेली.

"अक्का, हे तं जसंच्या तसं हाये," कडूबा रडवेला झाला. "काऊन गेलो मी तिथं?"

"सूज हाये ते. हात वर कर."

तिनं पट्टा पुन्हा आवळला. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं उठलं, पुरा श्वास घेता येईना, पण कडूबानं तो काढला नाही. दर आठवड्याला बंदांची गाठ बोटभर आत जाऊ लागली.

सहा आठवडे भरले त्या सकाळी तिनं ओसरीवर बंद सोडले. कडूबानं भीतभीत खाली पाहिलं. छाती सपाट होती, दोन बारीक वण होते आणि डावीकडे कातडीखाली काहीतरी हलत होतं.

"हे काय उडून राह्यलं?"

"तुहं काळीज हाये, बापू."

आपलं काळीज असं उघड्या डोळ्यांनी दिसतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो पाहत बसला. चुलीवरची भाकर विसरून झुंबरबाईही शेजारी टेकली.