मैनेचा तेरडा

"साहेब, तुम्ही माज्या बायकोचं नाव खाल्लंत."

साहेबांच्या कचेरीतनं पोस्टानं आलेला छापील कागद लडकूनं डाकबंगल्याच्या टेबलावर ठेवला. निजामपुऱ्यातली कापडाच्या लूमची शिफ्ट बुडवून तो आला होता.

एकाहत्तरपासून तीन पावसाळे त्यानं नवी झाडंझुडपं शोधणाऱ्या या साहेबांची झाडपाल्याची पेटी डोंगरोडोंगर वाहिली. रोपांना लावायच्या चिठ्ठ्या लिहिता याव्यात म्हणून साहेबांनी त्याला इंग्रजी अक्षरं शिकवली. पण दिघाशी गावामागच्या कड्यावरचा तो पांढरा तेरडा शोधला त्याच्या बायकोनं, मैनेनं. ओल्या दगडावरून घसरून तिचा हात मोडला, मुठीतलं रोप सुटलं नाही. साहेब हरखले. असा तेरडा कुठल्याच पुस्तकात नाही म्हणाले.

मग लडकूच्या ओटीवर बसून त्यांनीच दोघांना समजावलं. तेरड्याला लॅटिनात इम्पेशन्स म्हणतात, म्हणजे ज्याला दम धरवत नाही असा. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की फुटलंच. पुढे ज्याचा मान त्याचं नाव. पुरुष असला तर शेवटी ई, बाई असली तर ए. "आपण मैनेचा म्हणतो ना, तसं ते मैनाए. इम्पेशन्स मैनाए. जग बुडेपर्यंत पुसायचं नाही."

मैनेला पोर नव्हतं. तुझ्यामागं तुझं नाव कोण घेणार, हे गावानं तिला वीस वर्षं ऐकवलं होतं. त्या दिवसापासून ती पाणवठ्यावर ताठ चालायला लागली. शेजारची हौसा म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस गं बाय."

"तुजा तीन दिवसांचा," मैना म्हणाली. "माजा लॅटिनमधला हाय."

आता कागदावर इम्पेशन्स होतं, चित्र तेच होतं, शेवटचा ए सुद्धा होता. नाव मात्र साहेबांच्या वरच्या साहेबांच्या बायकोचं. त्या बाईनं दिघाशी नकाशातही बघितली नसेल.

"अरे, वरच्यांना नाराज करून चालत नाही," साहेब म्हणाले. "आणि खाली लिहिलंय की, स्थानिक मजुरांची मदत झाली. मैनाबाईंना कुठं वाचता येतंय?"

"मला येतं. तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी चष्मा पुसायला काढला. मोठ्या माणसांचा चष्मा नेमका अशाच वेळी मळतो.

लडकूनं दार उघडलं. पायरीवर मैना नवं लुगडं नेसून बसली होती.

"आत ये गं," तो म्हणाला आणि कागद साहेबांपुढं सरकवला. "हिला मी काय बी सांगितलं न्हाय. आपलं नाव बघायला आलीय ती. तुम्हीच वाचा. कुनाचं नाव हाय, आन् हिचं का न्हाय, ते हिच्या तोंडावर सांगा."